पहिले तीस घोटे

गुडघा बदलून घेतलेलं कुणी ना कुणी तुमच्या नात्यात असेलच. घोटा बदललेलं माणूस मात्र क्वचित भेटतं. आज त्या सांध्याबद्दल बोलायचं आहे, आणि तो बदलणाऱ्या हातांबद्दल.

बसल्या जागी पायाच्या पुढच्या बाजूला, घोट्यावर बोटं ठेवून बघा. मांस लागतच नाही. कातडी, तिच्याखाली दोरीसारखे स्नायुबंध आणि लगेच सांधा. आम्ही बहुतेक वेळा चीर देतो ती इथेच, रक्तवाहिनी आणि नस यांना सांभाळत. जखमेची कड काळी पडली, टाके उघडले, तर जंतूंना कृत्रिम सांध्यापर्यंत पोचायला फारसं अंतर उरत नाही. शिवाय चालताना या एवढ्याशा सांध्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास पाचपट भार येतो. त्यामुळे पुढे काही वर्षांनी धातूचा भाग ढिला होऊ शकतो, किंवा खालच्या टेलस हाडात रुतत जाऊ शकतो.

फ्रान्समध्ये १९७० साली लॉर्ड आणि मारोत यांनी असा सांधा बसवायला सुरुवात केली. खुब्याच्या सांध्याचा दांडा उलटा करून नडगीच्या हाडात घातला आणि टेलस काढूनच टाकलं. ते टिकलं नाही. तेव्हापासून सांध्यांची घडण खूप सुधारली. पण चांगला सांधाही वाकडा बसला तर लवकर झिजतो, आणि तो सरळ बसवणं हे हाताचं काम आहे.

स्वीडनमध्ये या शस्त्रक्रियांची देशपातळीवर नोंद ठेवतात. १९९३ ते २००५ या काळातले ५३१ सांधे त्यांनी तपासले. सर्वाधिक शस्त्रक्रिया केलेल्या तीन सर्जनांचे पहिले तीस-तीस रुग्ण वेगळे काढले, तर पाच वर्षं टिकलेले सांधे सुमारे ७० टक्के होते. तिसानंतरच्या रुग्णांत ते ८६ टक्क्यांवर गेले. अमेरिकेत मायर्सन आणि म्रोचेक यांनी २००३ मध्ये आपल्याच पहिल्या २५ आणि पुढच्या २५ रुग्णांची तुलना छापली. पुढच्या रुग्णांत गुंतागुंत कमी होती. स्वतःच्या चुका अशा मोजून मांडणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

पण ते पहिले तीस कोण होते? तीही माणसंच होती, दुखणाऱ्या पायानं आलेली. हे मला सतावतं. म्हणून माझं मत असं, की वर्षाकाठी दोन-चारच घोटे करणाऱ्यानं रुग्ण पुढे पाठवावा. निदान मृतदेहावर सराव करावा, जाणत्या सर्जनसोबत उभं राहावं. सांधा न बदलता त्याची हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकण्याचा पर्यायही कमी प्रतीचा समजू नका. ब्रिटनमधल्या १७ रुग्णालयांत ३०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. वर्षभरानं सांधा बदललेल्या आणि जोडलेल्या, दोन्ही गटांना चांगला आराम होता. जखमेचे आणि नसांचे त्रास सांधा बदललेल्यांत जास्त, तर रक्ताच्या गुठळ्या जोडलेल्यांत जास्त. शिवाय त्यांच्यातल्या काहींची हाडं जुळलीच नाहीत.

‘डॉक्टर, असे किती घोटे केलेत?’ हा प्रश्न मला पहिल्यांदा एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारला. तेव्हा माझे सहाच झाले होते. मी आकडा सांगितला, आणि एका ज्येष्ठ सर्जनना बोलावून घेतलं. आतल्या बाजूचं हाड तडकण्याची भीती असते, ती नेमकी सांध्यासाठी नडगीचं हाड कापायच्या वेळी. मी करवत टेकवली, आणि त्यांनी काही न बोलता माझा हात दोन मिलिमीटर बाहेर सरकवला.