सव्वीस सह्यांची इमारत

मंडळी, पणजीच्या भर बाजारातली आमची ती इमारत तुम्ही सगळ्यांनी बघितलीय, खाली दुकान, वर बिऱ्हाड, वरच्या खिडक्या कायम बंद. एवढी मोक्याची जागा, विकत का नाही, असं लोक मला भर लग्नात पण विचारतात! तर आज तेच सांगतो, थोडं फिरून फिरून.

पणजोबांचा साधा पसरा होता, तांदूळ, खोबरेल, रॉकेल. आजोबांनी त्याचं आजच्या भाषेत डिपार्टमेंटल स्टोअर केलं. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या, त्यातून उजेड असा दुधाळ यायचा की साडीचा रंग बघायला गिऱ्हाईक ताका घेऊन दारात जायचं, आणि आजोबा मागोमाग.

माल तेव्हा मुंबईहून, भाजीबिजी बेळगावहून. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, म्हणून 1955 ला भारताने नाकेबंदी केली, रेल्वे पण बंद. आता दुकान बसणार असं वाटेल ना, पण झालं उलटंच. खनिजाचा पैसा हातात खेळत होता, मग सगळं बोटीने यायला लागलं, बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. आजी म्हणायची, ह्या बटाट्याने माझ्यापेक्षा जास्त जग बघितलं. आजोबांच्या एकाच वहीत आधी पोर्तुगीजांचा रुपिया, मग 1958 ला एस्कुदो आले, एका रुपियाचे 6, आणि मुक्तीनंतर आपले रुपये. तीन चलनं, अक्षर तेच, उधारी बहुतेक तीच.

मुक्तीनंतर विलायती माल यायचा थांबला, मग छत्र्या, रेनकोट, शाळेचे युनिफॉर्म. चाललं तसं चाललं.

लोकांना वाटतं दुकान मॉलने मारलं. छे हो! आजोबा गेले आणि 1867 चा पोर्तुगीज सिव्हिल कोड दारात उभा राहिला. पोर्तुगालने स्वतः तो 1966 मध्ये बदलला पण आपल्याकडे त्यातलं वारसाचं तत्त्व अजून तेच. अर्धं आजीचं, उरलेल्या अर्ध्यात पाच मुलं सारखी, मुली धरून, आणि त्या प्रत्येकाच्या हिश्शात नवऱ्याचा नाहीतर बायकोचा पण वाटा. मग त्यांची मुलं, त्यांच्या सुना, जावई. कोणी लिस्बनला, कोणी पुण्यात, कोणी दुबईत. परवा मोजल्या, 26 सह्या लागतात. एक जावई फोनच उचलत नाही.

पण खरं सांगू, मी ह्या कायद्याच्या बाजूचा आहे. आमच्या आत्यांना हक्काने वाटा मिळाला, साडीचोळीवर बोळवण नाही झाली. आणि इमारत अजून उभी आहे ती आमच्या वारसाप्रेमामुळे वगैरे नाही, विकायला जमलं नाही म्हणून! आजूबाजूला ज्यांच्या सह्या पटकन झाल्या तिथे आज सहा मजले आणि खाली पार्किंग.

कोपऱ्यातला घड्याळवाला मात्र आजोबांच्या वेळचा भाडेकरू, आता त्याचा मुलगा बसतो. 1968 च्या भाडे कायद्याने त्याला हलवता येत नाही, भाड्यात एक कौल पण येत नाही, पण चहा रोज तोच पाजतो.

कौलांवरून आठवलं, विकायची गोष्ट निघाली की 26 जण जमतात, गळती लागली की मी एकटाच. यंदा पावसाआधी मीच कौलं बदलून घेतली. खर्च आजोबांच्या त्याच वहीत लिहून ठेवलाय, मागची पानं कोरी होती.