कागदावरचा वर्णभेद

श्रोतेहो, नमस्कार.

1912 सालच्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत पोचले. तिथल्या हिंदी लोकांचे हाल त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. जोहान्सबर्गमध्ये तेव्हा बरेच कोकणी मुसलमान होते, थोडे मराठी हिंदूही होते, आणि या मंडळींना गोखल्यांचं भाषण मराठीतूनच ऐकायचं होतं. गांधीजींनी गळ घातली की तुम्ही मराठीत बोला, हिंदुस्थानीत मी सांगतो. गोखल्यांना हसू आवरेना. तुमचं हिंदुस्थानी किती पाण्यात आहे ते मला कळलंय, आता हे मराठी कुठून शिकलात, अशी त्यांनी फिरकी घेतली. पण बोलले मात्र मराठीतच. गोखले रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे, समोर कोकणचे लोक. सभा रंगली नसती तरच नवल.

याच दौऱ्यात गांधीजी त्यांना नाताळ प्रांतात ओहलांगेला घेऊन गेले. जॉन दुबे यांनी तिथे आफ्रिकी मुलांसाठी शाळा काढली होती. त्याच वर्षी जानेवारीत ब्लूमफाँटेनला आफ्रिकी पुढाऱ्यांनी एक संघटना उभी केली होती. पुढे जगानं जिला आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखलं, ती हीच. दुबे तिचे पहिले अध्यक्ष. ओहलांगे हे नाव जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वर्णद्वेष म्हटलं की माणसाच्या मनातला विखार आपल्या डोळ्यांपुढे येतो. तो होताच. पण दक्षिण आफ्रिकेचा इतिहास वाचताना मला जास्त अस्वस्थ करतात ते तिथले कागद. नमुने, नोंदवह्या, शिक्के, परवाने. खुर्चीत बसलेला एखादा सभ्य कारकून आवाजही न चढवता एखाद्याचं घर काढून घेऊ शकायचा.

सुरुवात 1652 ची. हिंदुस्थानच्या वाटेवरच्या जहाजांना ताजं पाणी, भाजी, मांस मिळावं म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीनं केपच्या टोकाला ठाणं वसवलं. ठाण्याची वसाहत झाली, तिथल्या मूळच्या खोईखोई लोकांची कुरणं गेली. राबायला गुलाम आणले, त्यांत बंगालचे आणि मलबारचेही होते. 1806 साली इंग्रजांनी केप घेतलं ते पुन्हा सोडलं नाही. मग 1867 मध्ये हिरे सापडले, 1886 मध्ये सोनं. खोल खाणींना हजारोंनी मजूर हवे होते आणि तेही स्वस्तात. ज्याच्याकडे स्वतःचं शेत आहे तो खाणीत कशाला उतरेल? इंग्रज आणि डच वंशाचे बोअर सोन्याच्या त्या प्रदेशासाठी एकमेकांशी लढले आणि 1910 मध्ये एक देश करून मोकळे झाले. ज्यांची जमीन, त्यांना त्यात मोजलंच नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी जमीन कायदा आला. लोकसंख्येत दोन तृतीयांश असलेल्या आफ्रिकी लोकांसाठी देशातली साधारण 7 टक्के जमीन राखून ठेवली. पुढे 1936 मध्ये ती 13 टक्क्यांच्या आसपास नेली, पण त्यापलीकडे जमीन विकत घ्यायची त्यांना बंदी. गोऱ्यांच्या शेतावर अर्धेलीनं राबणाऱ्या कुटुंबांना सांगितलं गेलं, नोकर म्हणून राहा, नाहीतर चालते व्हा. सोल प्लाटकी नावाचा पत्रकार, दुबेंच्या संघटनेचा चिटणीस, सायकलवरून या बेघर लोकांना भेटत फिरला. गुरं-शेळ्या घेऊन रस्त्यानं निघालेल्या एका कुटुंबाचं तान्हं मूल वाटेत गेलं. पुरायचं कुठे? रस्ता सरकारचा, दोन्ही बाजूंची जमीन गोऱ्या मालकांची. आईबापांनी रात्रीच्या अंधारात, चोरून खड्डा खणून त्याला पुरलं. प्लाटकीनं हे लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

1948 मध्ये मलान यांचा नॅशनल पक्ष निवडून आला आणि जे आधीपासून चाललं होतं त्याला नियमांची पक्की चौकट मिळाली. 1950 पासून प्रत्येक माणसाच्या वंशाची सरकारी नोंद सुरू झाली. गोरा, मिश्रवर्णी की आफ्रिकी. आशियाई लोकांचा खण पुढे वेगळा पडला. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघत. गळून पडली तर एक वर्ग, अडकली तर दुसरा. एका आईची दोन लेकरं दोन वर्गांत गेल्याची उदाहरणं आहेत. मग तो वर्ग सांगेल त्या वस्तीत राहायचं, सांगेल त्या शाळेत जायचं, सांगेल त्या बाकावर बसायचं. गावकुसाबाहेरच्या वस्त्या ज्यांनी पाहिल्या, सोसल्या, त्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही. आपल्याकडे ते रूढीच्या जोरावर चाललं, तिथे संसदेत मंजूर होऊन राजपत्रात छापून.

सगळ्यांत वाईट कागद म्हणजे पास. 1952 च्या ज्या कायद्यानं सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी माणसाला तो बाळगणं सक्तीचं होत गेलं, त्याच्या नावात चक्क ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते! फोटो, बोटांचे ठसे, मालकाची सही. परवानगीशिवाय शहरात 72 तासांहून जास्त थांबायचं नाही. थांबला की अटक. 9 ऑगस्ट 1956 रोजी सुमारे वीस हजार बायका पासविरोधी अर्जांचे गठ्ठे घेऊन प्रिटोरियात सरकारच्या दारात गेल्या आणि अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. पंतप्रधान स्ट्रायडम भेटायलाही आले नाहीत. 21 मार्च 1960 ला शार्पव्हिलमध्ये लोक पास न घेता, आम्हाला अटक करा म्हणत पोलीस ठाण्यावर गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 69 माणसं मेली.

तुरुंगातही हीच वर्गवारी. 1964 मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या नेल्सन मंडेलांसह आठ जणांना जन्मठेप झाली. त्यांतले डेनिस गोल्डबर्ग गोरे, म्हणून त्यांना प्रिटोरियात गोऱ्यांच्या तुरुंगात ठेवलं. बाकीचे सात रॉबेन बेटावर. त्या सातांत अहमद कथराडा वयानं सगळ्यांत लहान, पण हिंदी वंशाचे, म्हणून त्यांना लांब पँट आणि जेवणात पाव. मंडेला, सिसुलू, गोवन म्बेकी ही वडीलधारी माणसं आफ्रिकी, म्हणून त्यांना पोरांसारख्या अर्ध्या चड्ड्या आणि पाव अजिबात नाही.

भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो 1946 मध्येच, आपण स्वतंत्र होण्याआधी. 1974 मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका आली. आपण न खेळता चषक सोडला. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात असतानाची गोष्ट आहे ही. 1976 मध्ये जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या आफ्रिकी वस्तीतली शाळकरी मुलं आफ्रिकान्स या बोअरांच्या भाषेच्या माध्यमसक्तीविरुद्ध रस्त्यावर आली, त्यांच्यावरही गोळ्या चालल्या. त्यानंतर देश शांत असा झालाच नाही. बहिष्कार, संप, आणीबाणी, रिकामी होत चाललेली तिजोरी. 2 फेब्रुवारी 1990 ला अध्यक्ष डी क्लार्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि इतर संघटनांवरची बंदी उठवली, 11 तारखेला मंडेला सुटले.

सुटका झाली आणि सगळं गोड झालं, असं नाही. पुढच्या चार वर्षांत राजकीय हिंसाचारात हजारो माणसं मेली. 10 एप्रिल 1993 ला क्रिस हानी या लोकप्रिय नेत्याचा घराच्या दारात खून झाला. मारणारा गोरा होता. पण गाडीचा नंबर लक्षात ठेवून पोलिसांना कळवणारी शेजारीणही गोरीच होती, आणि त्या रात्री टीव्हीवरून बोलताना मंडेलांनी हे मुद्दाम सांगितलं. अध्यक्ष डी क्लार्क होते, पण त्या रात्री देश ऐकत होता मंडेलांचं.

मग आली सगळ्या वंशांना मत असलेली पहिली निवडणूक. झुलू लोकांमध्ये जोर असलेला इंकाथा पक्ष तर तीत उतरायला तयार झाला मतदानाच्या आठवडाभर आधी. मतपत्रिका छापून झालेल्या. मग प्रत्येक मतपत्रिकेच्या तळाशी इंकाथाच्या नावाची चिकटपट्टी लावायचं ठरलं. इतकी वर्षं ज्या कागदानं माणसं वेगळी काढली, तिथे आता एका पक्षाला आत घेण्यासाठी ही धावपळ! 27 एप्रिल 1994 च्या सुमारास मैलभर लांब रांगा लागल्या. मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं, वय 75. मतदान केंद्र होतं ओहलांगेची शाळा. जॉन दुबे यांची समाधी तिथेच आहे.

नव्या सरकारनं जमीन परत मिळवण्यासाठी कायदा केला. 19 जून 1913 नंतर ज्यांची जमीन गेली त्यांनी दावा करावा. ही जमीन कायद्याचीच तारीख. म्हणजे त्याआधीच्या अडीचशे वर्षांत गेलेली जमीन हिशेबातच नाही, आणि जास्त जमीन गेली होती ती तेव्हाच. शहरांतल्या बऱ्याच दावेदारांनी जागेऐवजी रोख रक्कम घेतली. शेतजमीन अजूनही मोठ्या प्रमाणावर गोऱ्यांकडेच आहे. 2024 च्या निवडणुकीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेस 40 टक्क्यांवर घसरली आणि तिला इतर पक्षांना सोबत घ्यावं लागलं. जानेवारी 2025 मध्ये अध्यक्ष रामाफोसा यांनी भूसंपादनाच्या नव्या कायद्यावर सही केली. काही ठरावीक परिस्थितीत मोबदला न देताही जमीन घेता येईल, अशी त्यात तरतूद आहे. त्याविरुद्ध कोर्टात जाणाऱ्यांत सत्तेत सोबत बसलेला डेमोक्रॅटिक अलायन्स पक्षही आहे.