काउंटरमागचा फार्मासिस्ट आणि त्याच्या पुढच्या वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

बारावी विज्ञानाचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घराघरांत पुढच्या शिक्षणाची जी चर्चा सुरू होते, तिच्यात डी. फार्मसीचे, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेचे नाव हमखास निघते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, घरापासून जवळ कॉलेज आणि शेवटी स्वतःचे मेडिकल टाकता येईल ही आशा, एवढ्या हिशेबावर शेतकऱ्याचे घर फी भरायला तयार होते. शिरपूर, शहादा, चोपडा, फैजपूर अशा गावांत औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये उभी राहिल्यामुळे या शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत खोली घेण्याची गरजही उरलेली नाही. मात्र पदविका हातात पडल्यानंतर पुढे काय, याची चर्चा त्या घरात सहसा होत नाही. आज मला त्याविषयी बोलायचे आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टला आणि दुकानात त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलामुलींना पुढे जाण्याच्या कोणत्या वाटा आहेत, आणि आपल्या भागात त्या वाटांवर माणसे कमी का दिसतात, हे दोन्ही आपण पाहू.

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल. १९४८च्या औषधशास्त्र कायद्याच्या ४२व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून किंवा काढून देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. दुकानाच्या परवान्याचे नियमही हेच सांगतात की चिठ्ठीवरचे औषध त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. ही जबाबदारी पेलता यावी म्हणून पदविकेच्या दोन वर्षांनंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण ठेवलेले आहे आणि त्यातले किमान २५० तास चिठ्ठीवरची औषधे देण्यातच जावेत, अशी अट आहे. २०२२ साली भारतीय औषधशास्त्र परिषदेने पदविकेनंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियमही केले. नोंदणीपूर्वी उमेदवाराचे ज्ञान एकदा पारखून घ्यावे, हा त्यामागचा विचार मला योग्य वाटतो.

आता आपल्याकडे काय घडते ते स्पष्ट बोलतो. प्रशिक्षणाचे ५०० तास कित्येकदा ओळखीच्या मेडिकलवाल्याच्या सहीशिक्क्यावर कागदोपत्रीच भरतात. नोंदणी झाली की सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात भिंतीवर लागते, त्याचे दरमहा काही पैसे मिळतात, आणि ज्याचे नाव त्या चौकटीत आहे तो तरुण शेती पाहतो किंवा वेगळीच नोकरी करतो. रुग्णाच्या दृष्टीने हा प्रकार धोक्याचा आहे आणि कायद्याने गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या तरुणाचे त्यात किती नुकसान होते, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. भाड्याच्या पैशांत त्याची वर्षे जातात आणि त्या वर्षांचा अनुभव मात्र त्याच्या गाठी लागत नाही. या व्यवसायात पुढची बहुतेक दारे अनुभवानेच उघडतात.

एक उदाहरण देतो. डी. फार्मसी झालेल्या व प्रत्यक्ष काम करणाऱ्या फार्मासिस्टसाठी परिषदेने २०१४ साली ‘बी. फार्मसी प्रॅक्टिस’ या दोन वर्षांच्या पदवीचे नियम केले. या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर नोंदणीबरोबर किमान चार वर्षांचा दुकानातला किंवा रुग्णालयातला अनुभव लागतो. म्हणजे ज्याने चार वर्षे काउंटरवर उभे राहून चिठ्ठ्या वाचल्या, त्याच्यासाठी हे दार आहे. ज्याचे सर्टिफिकेट तेवढे दुकानात होते आणि तो स्वतः शेतात होता, त्याने तिथे कोणत्या तोंडाने जावे? आखाती देशांत फार्मासिस्ट म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांनाही परवान्याच्या परीक्षेबरोबर सहसा अनुभवाचा दाखला द्यावा लागतो.

ज्यांना पदविकेनंतर लगेच शिकायचे आहे, त्यांना नेहमीच्या बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो. ही वाट आपल्या मुलांना बऱ्यापैकी माहीत आहे. पदवीनंतर जीपॅट ही परीक्षा देऊन एम. फार्मसी करता येते आणि ती उत्तीर्ण होणाऱ्यांना विद्यावेतनही मिळते. मोहाली, अहमदाबाद, हैदराबाद इथल्या नायपर या राष्ट्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. औषध निरीक्षकाच्या पदासाठी पदवी आवश्यक आहे, पदविका पुरत नाही. ही गोष्ट पदविकेला प्रवेश घेतानाच मुलांच्या कानावर घालायला हवी. जिल्हा परिषद, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि रेल्वे यांच्या औषधनिर्मात्यांच्या भरतीकडे आपल्या तरुणांचे बारीक लक्ष असते, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. एवढेच सांगतो की नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर केलेले नसल्यामुळे अर्ज अडल्याच्या तक्रारी दरवेळी ऐकू येतात, आणि ही अडचण पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे.

सहा वर्षांची फार्म. डी. ही पदवी आपल्या देशात २००८ सालापासून आहे. तिचे शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचे असते. डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरणे, रुग्णाच्या एकूण औषधांचा एकमेकांशी मेळ बसतो का ते तपासणे आणि मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी औषधाची मात्रा सुचवणे, हे तिथले शिक्षण आहे. धुळे, जळगाव आणि आता नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाल्यामुळे असे काम करणाऱ्या फार्मासिस्टची गरज खानदेशात वाढत जाणार, असे माझे मत आहे.

मात्र सर्वांनीच मोठ्या पदव्या घ्याव्यात, असा माझा आग्रह नाही. पारोळ्यात किंवा यावलमध्ये स्वतःचे दुकान चालवणाऱ्या फार्मासिस्टलाही आपल्या जागी राहून खूप वाढता येते. २०१५च्या औषधशास्त्र व्यवसाय नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले आणि नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्गांची अट घातली. हे वर्ग हजेरीपुरते उरकायचे की त्यांतून काही घेऊन यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

इन्सुलिनचेच पाहा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. भर दुपारी एसटीने गावाकडे निघालेल्या म्हाताऱ्याच्या हातात ती बाटली नुसत्या कॅरीबॅगेत देणे म्हणजे औषध वाया घालवणे होय. शिकलेला फार्मासिस्ट आधी विचारतो, “आबा, घरमा फ्रीज शे का?” नसेल, तर एका वेळी एकच बाटली देतो, बाकीच्या स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवतो, आणि वापरात असलेली बाटली कोरड्या डबीत घालून माठात कशी ठेवायची ते दाखवतो. मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, मडक्यात ती डबी, वर ओले फडके आणि सगळे सावलीत, असे करून पाहिले की आबांच्या लक्षात राहते. ती बाटली बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ठेवायची नाही, गोठलेले इन्सुलिन फेकून द्यायचे, हेही तो सांगतो. दुकानाच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिण्याची शिस्त आणि वीज गेल्यावर काय करायचे याची तयारी, हे सारे प्रशिक्षणाने येते. इन्सुलिन घ्यायला लोक मग मुद्दाम त्याच दुकानात येतात.

क्षयरोगाचेही तसेच आहे. शेड्यूल एच-१, म्हणजे ज्यांच्या विक्रीवर जास्त कडक नियंत्रण आहे अशा औषधांची यादी; तिची नियमावली १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातल्या प्रतिजैविकांची आणि क्षयाच्या औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपावे लागते, आणि २०१८ पासून क्षयाची औषधे घेणाऱ्या रुग्णाची नोंद शासनाला कळवणे औषध विक्रेत्यांनाही बंधनकारक आहे. रजिस्टर भरणे हे कारकुनी काम आहे, असे समजणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधामुळे लघवी नारिंगी होते, घाबरून औषध सोडायचे नाही, हे पहिल्याच दिवशी सांगणारा फार्मासिस्ट एका रुग्णाचा पूर्ण कोर्स वाचवतो.

औषधाचा दुष्परिणाम दिसला तर तो कळवण्याचा अधिकार फार्मासिस्टलाही आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग ‘फार्माकोव्हिजिलन्स’ नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवतो, १८००-१८०-३०२४ हा त्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे आणि या विषयाचे कौशल्य प्रशिक्षणही आयोग देतो. पुण्या-मुंबईच्या औषध कंपन्यांत याच विषयाच्या नोकऱ्या असतात. ज्याने आपल्या दुकानातून काळजीपूर्वक अहवाल पाठवले आहेत, त्याला मुलाखतीत सांगायला खरे काहीतरी असते.

सातपुड्याच्या पट्ट्यातली गरज आणखी वेगळी आहे. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचे औषध रोज आणि दीर्घकाळ घ्यावे लागते, मधूनमधून रक्ततपासणी लागते, गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे लागते. पावरी किंवा भिली बोलणारा स्थानिक फार्मासिस्ट हे जितके पोहोचवील, तितके बाहेरून आलेल्या माणसाला जमणे कठीण आहे. नंदुरबार हा आकांक्षित, म्हणजे मागे राहिल्यामुळे केंद्र सरकारने खास लक्ष देण्यासाठी निवडलेला जिल्हा असल्यामुळे जनऔषधी केंद्र उघडणाऱ्याला तिथे नेहमीपेक्षा जादा मदतीची तरतूद आहे. त्या भागातल्या मुलामुलींनी पदविका करून तिथेच केंद्र चालवावे, असे मला मनापासून वाटते.

आता दुकानातल्या मदतनिसांविषयी. काही देशांत फार्मसी टेक्निशियन हा वेगळा नोंदणीकृत व्यवसाय आहे. आपल्याकडे तशी नोंदणी नाही. ‘फार्मसी असिस्टंट’चे कौशल्य अभ्यासक्रम चालतात, त्यांतून साठा लावणे, एक्सपायरीचा माल वेगळा काढणे, बिलिंग करणे हे नीट शिकता येते, पण त्या प्रमाणपत्रावर चिठ्ठीवरचे औषध स्वतंत्रपणे देता येत नाही. याची उलट जाहिरात कोणी केली तर तिच्यावर पैसे घालवू नयेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित घेऊन बारावी झालेल्या मदतनिसाने रीतसर पदविका करावी. ती पत्राने किंवा घरबसल्या होत नाही, वर्गातली हजेरी लागते. त्यासाठी मालकाने त्याला कामाच्या वेळा बदलून द्याव्यात. पाच-सहा वर्षे दुकान सांभाळणाऱ्या मुलाला औषधांची नावे तोंडपाठ असतात, कंपन्या ठाऊक असतात, गावातली माणसे ओळखीची असतात. त्या मुलाला शास्त्र शिकू दिले, तर त्याच्याइतका चांगला फार्मासिस्ट मालकाला दुसरीकडे शोधून मिळणार नाही.

तालुक्यांतल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनांना माझी एक विनंती आहे. जवळच्या फार्मसी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना बोलावून दर तीन महिन्यांनी अर्ध्या दिवसाचा वर्ग घ्यावा आणि त्यात मालक, फार्मासिस्ट व मदतनीस यांना एकत्र बसवावे. पहिला वर्ग फेब्रुवारीत, ऊन तापण्याआधी, थंड ठेवायच्या औषधांवर घ्यावा आणि येताना प्रत्येकाने आपल्या दुकानातल्या फ्रीजच्या तापमानाची आठवडाभराची नोंद आणावी. नमस्कार.