हाटाचा वार आणि शेतातला वाफा

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या आसपास देपालपूर, सांवेर, महू, मानपूर, बेटमा या बाजूंना आपल्यापैकी कित्येकांची शेती आहे, कुणाचा मळा आहे, कुणाच्या घरच्या बायका मिळून भाजी लावतात. हा माल चोइथराम मंडीत आडत्याकडे जातो तसाच गावच्या हाटातही, म्हणजे आठवडी बाजारातही, जातो. या दोन विक्रींत एक मोठा फरक आहे. मंडीत माल एकदा लिलावात गेला की तुमचा-त्याचा संबंध संपला. हाटात मात्र तेच गिऱ्हाईक सात दिवसांनी पुन्हा त्याच जागी तुमच्यासमोर उभे राहते. म्हणून हाटाचा सगळा हिशेब आठवड्याचा असतो, आणि तो बाजाराच्या दिवशी नव्हे, पेरणीच्या दिवशी सुरू होतो.

पालेभाजीपासूनच पाहा. मेथी पेरणीपासून 25 ते 30 दिवसांत काढायला येते, कोथिंबिरीला 40 दिवसांच्या आसपास लागतात. कित्येक जण सगळा वाफा एकाच दिवशी पेरतात. मग एका हाटाला दोनशे जुड्या होतात, भाव पडतो, आणि पुढच्या तीन हाटांना पाथारी रिकामी राहते. त्यापेक्षा वाफ्याचे चार भाग करा आणि दर सात दिवसांनी एक भाग पेरा. पेरणीचा वार असा धरा की काढणी हाटाच्या आदल्या संध्याकाळी येईल. पालक एकदा पेरला की मुळाशी बोटभर ठेवून कापत राहता येतो. पहिली कापणी महिन्याभरात आणि पुढच्या साधारण पंधरा ते वीस दिवसांच्या अंतराने. त्यामुळे पालकाचे तीन तुकडे असले तरी दर हाटाला काहीतरी निघते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबते आणि मेथीची मुळे कुजतात, तेव्हा जून ते सप्टेंबर गादीवाफ्याशिवाय, म्हणजे उंच केलेल्या वाफ्याशिवाय, मेथी लावू नये.

उलट भेंडी आणि काकडी हाटाच्या वारासाठी थांबत नाहीत. भेंडी दर दोन दिवसांनी तोडावीच लागते. आठवड्यातून एकदा तोडली तर शेंगा जून होतात आणि झाडाची नवी फुलेही कमी होतात. म्हणून ज्यांना एकच हाट गाठायचा आहे त्यांनी भेंडीचा मोठा पट्टा लावू नये. जवळपासच्या गावांचे हाट वेगवेगळ्या वारी भरतात. ज्यांना दोन-तीन हाट फिरता येतात त्यांना मात्र भेंडी चांगले पैसे देते. कांदा, लसूण, बटाटा, लाल भोपळा हा थांबणारा माल. एका पाथारीवर दोन्ही प्रकार असले म्हणजे एका हाटाने दगा दिला तरी सगळे जात नाही.

आता तोडणी. पाला संध्याकाळी किंवा पहाटे, ऊन चढण्याआधी काढावा. मुळांची माती धुवावी आणि जुड्या उभ्या ठेवून पाणी निथळू द्यावे. ओल्या जुड्यांचा ढीग करून वर ताडपत्री टाकली तर आतून वाफ धरते आणि सकाळी मधल्या जुड्या पिवळ्या निघतात, कारण तोडलेली भाजी श्वास घेतच असते आणि त्या उष्णतेला वाट मिळत नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून, हवा खेळेल अशा टोपलीत ठेवा. पिकलेली केळी आणि लालभडक टोमॅटो एकाच गाडीत पाल्याजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून जो वायू सुटतो त्याने पाला लवकर पिवळा पडतो.

टोमॅटो हाटासाठी गुलाबीसर असतानाच तोडा. पूर्ण लाल झालेला खडबडीत रस्त्यावर कॅरेटच्या तळाशी फुटतो, आणि त्याचा रस वरच्यांनाही नासवतो. वांग्याचा देठ आणि मिरचीचा देठ राखा, नाहीतर तिथूनच सड सुरू होते. कांदा काढल्यावर पातीसकट तीन-चार दिवस सुकवा, एका कांद्याची पात दुसऱ्या कांद्यावर येईल असा, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून कापा. मान ओली राहिली की घरी नेलेला कांदा चार दिवसांत मऊ पडतो, आणि पुढच्या हाटाला ते गिऱ्हाईक शेजारच्या पाथारीवर जाते. बटाटा उन्हात मांडू नका. उजेडाने तो हिरवा होतो, आणि हिरवा बटाटा खाण्याजोगा नसतो.

निवड घरीच करा. हाटात बसून करायला वेळ नसतो. मोठा माल वेगळा, बारीक वेगळा, डागी वेगळा आणि डागीचा भाव वेगळा. चांगल्या टोमॅटोखाली डागी सरकवून वाटे लावण्याची सवय फार महागात पडते. त्या दिवशी दोन किलो खपतात खरे, पण पिशवी घरी उघडली जाते.

भावाची गोष्ट जरा आकड्यांनी सांगावी लागेल. समजा 60 किलो माल आहे, तो पिकवायला किंवा विकत घ्यायला किलोमागे 20 रुपये पडले, म्हणजे 1200 रुपये. गाडीभाडे, बैठकी म्हणजे बसायच्या जागेचे पैसे, पिशव्या मिळून 240. एकूण 1440. पुष्कळ जण 60 ने भागतात आणि म्हणतात, 24 रुपये पडला, 25 ने विकला तर रुपया सुटतो. पण 60 किलोतले सुमारे 6 किलो फुटतात, सुकतात किंवा उरतात. विकले जातात 54. 25 ने 54 किलोचे 1350 होतात, म्हणजे 90 रुपये घरचे गेले. 54 ने भागा, खरा पडता भाव पावणेसत्तावीस रुपये येतो. गाडी निघण्यापूर्वी हा आकडा कागदावर लिहिलेला असावा, म्हणजे घासाघीस करताना कुठे थांबायचे ते कळते.

काट्याबद्दल. इलेक्ट्रॉनिक काटा घेतला असेल तर त्यावर दरवर्षी सरकारी तपासणीची मोहर लागते. लोखंडी वजने आणि तराजू दर दोन वर्षांनी. काटा मातीवर ठेवला की एका बाजूला कलतो आणि आकडा चुकतो. खाली सपाट फळी द्या आणि काट्यातला पाण्याचा बुडबुडा मध्ये आणा. वाऱ्याने आकडा हलत असेल तर आडोसा करा. टोपली ठेवून शून्य करण्याचे बटण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दाबा. हाताच्या तराजूत पासंग, म्हणजे दोन पारड्यांत मुळातच फरक, आहे का हे पाहायला माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोला. दोन्ही वेळा सारखे यायला हवे. घरचा सोपा पडताळा म्हणजे एक किलोचे बंद मिठाचे पाकीट. ते एक किलो आणि वर काही ग्रॅम दाखवेल, कारण पिशवीचेही वजन असते. एक किलोच्या खाली आले तर काटा दुरुस्तीला न्या. वजन नेमके द्या, आणि वर चार मिरच्या, कोथिंबिरीच्या काड्या हाताने द्या. पारडे झुकते देण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि लक्षातही राहते.

गावच्या हाटाला दुपारनंतर रंग चढतो. मजुरीवर गेलेली माणसे संध्याकाळी येतात, म्हणून सकाळची मेथी पाच वाजेपर्यंत टवटवीत राहिली पाहिजे. एकदम सगळी मांडू नका. चौथा हिस्सा समोर, बाकी ओल्या गोणपाटाखाली. पाल्यावर अधूनमधून पाणी शिंपडा, भेंडी, कांदा आणि लसूण यांवर अजिबात नाही. भेंडी ओली झाली की काळी पडते. ताडपत्रीचा उतार पश्चिमेला घ्या, तिथूनच दुपारचे ऊन येते. भवानीसाठी दहा-वीसच्या नोटा आणि नाणी आदल्या दिवशीच जमवून ठेवा. क्यूआर कोड लावा, पण भर बाजारात नेटवर्क बसते, तेव्हा सुटे पैसे नसतील तर गिऱ्हाईक परत जाते. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 31 डिसेंबर 2022 पासून बंदी आहे. जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्यांत कापलेली फळे किंवा पापड देऊ नका, छपाईची शाई अन्नाला लागते. आपल्या शेतातला कच्चा माल विकायला अन्न परवाना लागत नाही. लोणचे, पापड, मसाला विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करावी लागते.

भाव केव्हा उतरवायचा? तीन वाजता घाबरून उतरवला तर पुढच्या हाटाला सगळे तीनचीच वाट पाहतील. पाच-साडेपाचनंतर उतरवा, आणि तोही फक्त जे उद्या टिकणार नाही त्याचा. कांदा-लसणाचा भाव उतरवायचे काहीच कारण नाही, तो परत न्या. घरी आल्यावर उरलेल्या मालाची नोंद करा: कोणता, किती, आणि का उरला. तीन हाट सलग मुळा उरत असेल तर मुळ्याचा एक वाफा कमी करा.

आता दोन शब्द शहरातून हाटाला जाणाऱ्यांसाठी. निवडून घ्यायचे तर दुपारआधी जा, स्वस्त घ्यायचे तर संध्याकाळी. कापडी पिशव्या दोन न्या, एक जड मालाला आणि एक पाल्याला. लसणाची मान दाबून पाहा, ती कडक आणि कोरडी हवी. दुधी भोपळ्याला नख लावू नका. ती खूण तासाभरात काळी पडते, मग तो भोपळा कुणी घेत नाही आणि शेतकऱ्याच्या हातचा माल फुकट जातो. कोवळेपणा पाहायचा तर साल पाहा, ती फिकट, तुकतुकीत आणि बारीक लव असलेली हवी. मक्याच्या कणसाचे केस तपकिरी आणि वरचे पान हिरवे असेल तर दाणे दुधात असतात, भुट्ट्याच्या किसासाठी तेच घ्यावे. हिवाळ्यात गराडू येतो तेव्हा हातात उचलून पाहा, आकाराच्या मानाने जड आणि कुठेही मऊ न लागणारा घ्या, आणि कापलेला नको, अख्खा कंद घ्या. घरी सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते.