बेस सोडायच्या आधी

(दृश्य: लातूरजवळचं पत्र्याचं शेड, रात्र. प्लायवूड, करवतीचा आवाज.)

लग्नसराई तोंडावर आली की या शेडातला दिवा विझत नाही. हे वरातीतल्या डीजेचे बेसचे डबे. एकेकात 18 इंची दोन स्पीकर. सांध्यात केसभर फट राहिली तरी बेस फाटतो, म्हणून लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून ती बोटानं लिंपायची. वाळलं की डब्यावर पाण्याचा स्टीलचा पेला ठेवून आवाज वाढवायचा. कानाला नुसती घरघर. पाण्यावर बघा, चुण्या पडल्या.

(जुनी छायाचित्रं, ड्रम मशीन.)

ही धम-धम शिकागोची. 1977 ते 1982 या काळात तिथल्या 'वेअरहाऊस' क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे रेकॉर्ड वाजवायचा. या संगीताला 'हाऊस' हे नाव त्या क्लबावरून पडलं. चार मात्रा, चारहींवर ठोका, मिनिटाला साधारण 120 ते 130. आणि 1982 मध्येच मुंबईत चरणजित सिंग नावाचे सिनेसंगीतातले वादक रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक मशीनवर, अशाच ठोक्यावर राग वाजवत होते. त्यांची ती रेकॉर्ड खपली नाही. जगानं ती उचलली जवळजवळ 30 वर्षांनी.

(वरात. मिक्सरवरची बोटं, अगदी जवळून.)

आता या डीजेचा हात बघा. बेसची गुंडी उलटी फिरवली, ठोका गेला. वर नुसता टाळीसारखा आवाज, आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. पोरांचे हात वर. क्षणभर सगळं बंद... आणि बेस सोडला!

मजा या थांबण्यात आहे. ठोका कुठं पडणार हे ज्याला ठाऊक, त्याचं अंग आधीच तयार असतं. ज्याचा कान शब्दांवर वाढला, ओवीवर, भारुडावर, तो शब्दांची वाट बघत बसतो. शब्द येत नाहीत. मग त्याला ते 'तेच ते' वाटतं. लोक म्हणतात, हा वयाचा फरक. मला ते पटत नाही.

कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका इलेक्ट्रॉनिक मैफलीत कानाला न कळणारा अतिखोल बेस अडीच-अडीच मिनिटांनी चालू-बंद केला. तो चालू असताना लोक सुमारे 12 टक्के जास्त हलले. 2022 मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे ऐकण्याचं काम नुसत्या कानाचं नाही, अंगाचंही आहे.

(रस्त्याकडेची खिडकी, झटकन बंद होते.)

निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर बंदी. कान जातात, काचा हादरतात, आजारी माणसाचे हाल होतात.

(तुळजापूर. संबळ, एक टिपरू टोकाला वाकडं.)

गोंधळही संथच सुरू होतो. माहूरची रेणुका ये, तुळजापूरची भवानी ये, अशी एकेक देवता हाकारायची. लय मागाहून चढते. चढता चढता हातातलं टिपरू दिसेनासं होतं.

या संबळवाल्या बाबांना आम्ही मोबाईलवर वरातीचं चित्रण दाखवलं. बेस जातो, हात वर होतात, तिथं त्यांनी बोट ठेवून थांबवलं.

"आमी आईला बोलवून थांबताव. हे पोरं कुणाला बोलवायलेत?"

(मिक्सरवरचा मुलगा ईअरफोन काढून हे ऐकतो. हसतो. गुंडीवर हात.)