मार्क स्मिथ? मग काय झालं!

मंडळी, नमस्कार. माझ्यानंतर थेट जेवणच आहे, हे ठाऊक आहे. लांबवत नाही.

आपल्या शिकागोत अपटाऊन भागात ग्रीन मिल नावाचा जुना जॅझ क्लब आहे. एका रविवारी मी तिथे सहज गेले, तर एकाने हातात कोरे कागद दिले. म्हणाला, "आज तुम्ही परीक्षक." म्हटलं, "अहो, मला कवितेतलं काही कळत नाही." तो म्हणाला, "मग तर उत्तमच!"

ही सगळी करणी मार्क स्मिथची. जन्म १९४९चा, शिकागोचाच. बरीच वर्षं बांधकामावर काम केलेला माणूस. कवितावाचनाला कवीच कवींना ऐकतात, बाकीची माणसं फिरकत नाहीत, ही त्याची तक्रार. १९८४ मध्ये त्याने एका छोट्याशा बारमध्ये दर सोमवारी वाचन सुरू केलं आणि जुलै १९८६ पासून ग्रीन मिलमध्ये दर रविवारी. कार्यक्रमाचा शेवट भरून काढायला कवितांची लुटुपुटुची स्पर्धा लावली, तोच हा 'स्लॅम', प्रेक्षकांनाच गुण द्यायला सांगितलं, आणि लोकांना तेच आवडलं! १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे नियम पक्के झाले: कविता स्वतःची, वेळ तीन मिनिटं, परीक्षक पाच, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाद.

गुणांचं मला अजूनही पटत नाही. कवितेला सहा पूर्णांक दोन म्हणजे काय? पण ग्रीन मिलमधली गंमत गुणांत नाहीच. कविता रटाळ झाली की लोक चुटक्या वाजवतात. इतरत्र चुटकी म्हणजे दाद, इथे बरोबर उलटं. तरी कवी थांबला नाही, तर लाकडी जमिनीवर पाय आपटतात. आपल्याकडे कसं, घड्याळाकडे बघत 'वा, वा' म्हणायचं!

सूत्रसंचालकालाही सुटका नाही. "मी मार्क स्मिथ" म्हणाला की अख्खा क्लब ओरडतो, "मग काय झालं!" ही प्रथा त्याने वर्षानुवर्षं हसत चालू ठेवली. स्वतःच्या कवितांपेक्षा दुसऱ्यांना मंच देण्यातच त्याची हयात गेली. टीव्हीने स्लॅम उचलून चकचकीत केला, ते मात्र त्याला रुचलं नाही, आणि त्याने तसं बोलूनही दाखवलं.

माझं सांगायचं राहिलंच. घाबरत घाबरत मी एका मुलीला सहा पूर्णांक दोन दिले, तर सगळ्या क्लबने माझीच हुर्यो उडवली. ती मुलगी मंचावरून हसत होती.

मागून चुटक्या ऐकू येतायत. बसते.