छातीएवढ्या पाण्यात

सकाळचे सहा वाजून गेले आहेत. ठाण्याच्या तलावपाळीवर चालणाऱ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या असताना, शहरातल्या एका तरणतलावात पंधरा-वीस स्त्रिया शिडीचा कठडा धरून सावकाश पाण्यात उतरत आहेत. त्यांच्यापैकी अनेकींना पोहता येत नाही आणि काहींनी गुडघेदुखीमुळे तलावपाळीच्या फेऱ्या केव्हाच सोडून दिल्या आहेत. पाणी छातीपर्यंत आले की त्या थांबतात, कारण त्यांचा व्यायाम तेथेच होणार आहे.

शरीराचा बुडालेला भाग जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार शरीराला मिळतो, हे आर्किमिडीजचे तत्त्व आपण शाळेत शिकलो आहोत. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर वजनाचा साधारण निम्मा भार उरतो आणि छातीएवढ्या पाण्यात तो एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. म्हणजे ६० किलो वजनाची स्त्री येथे जवळपास २० किलोंचाच भार पायांवर घेऊन उड्या मारते, आणि जमिनीवर उकिडवे बसतानाही कळवळणारा गुडघा या उड्यांना बहुधा तक्रार करत नाही.

भार कमी झाला म्हणून श्रम कमी होतात, असे मात्र नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते आणि हालचालीचा वेग दुप्पट केला की त्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. त्यामुळे एकाच रांगेत उभ्या असलेल्या तिशीतल्या आणि सत्तरीतल्या दोघी एकच हालचाल आपापल्या ताकदीने करू शकतात. हात पुढे नेताना पाणी जसे अडवते तसेच मागे आणतानाही अडवते, म्हणून दोन्ही बाजूंच्या स्नायूंना काम मिळते. फोमचे हलके डंबेल येथे उचलायचे नसतात, ते पाण्याखाली दाबायचे असतात, आणि खरा कस तेथे लागतो. या वर्गाला म्हाताऱ्यांचा व्यायाम म्हणणाऱ्यांनी तो एकदा करून पाहावा, अशी आमची मनापासून विनंती आहे.

पलीकडच्या लेनमध्ये पोहणारे २५ मीटरमध्येच धापा टाकताना दिसतात. त्यांचा दोष बहुतेक वेळा छातीत नसतो, सवयीत असतो, कारण तोंड पाण्यात असताना ते श्वास रोखून धरतात आणि मान वळवल्यावर सोडणे व घेणे दोन्ही एकाच क्षणी उरकू पाहतात. पाण्यात सावकाश श्वास सोडायला शिकणे, हा पोहण्यातला पहिला आणि सर्वांत उपेक्षित धडा आहे. पाठीला सुका भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीच्या अंगी तो नकळत मुरत असे, कारण बुडण्याची भीती आधी जात असे आणि हातपाय मारणे नंतर येत असे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, आणि ५० मिनिटांचे तीन वर्ग तेवढी मिनिटे भरून काढतात. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा काहीशी मंद चालते, त्यामुळे श्रम ओळखण्यासाठी बोलून पाहावे: बोलता आले, पण गाता आले नाही, तर श्रम मध्यम आहेत. हाडांच्या बळकटीसाठी मात्र जमिनीवरचा भार लागतोच, म्हणून ज्यांना झेपते त्यांनी थोडे चालणेही ठेवावे. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरावे.

काही आठवड्यांच्या नियमानंतर फरक जाणवू लागतो, तो बहुतेकींना काट्यावर नव्हे, ठाणे स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर.

वर्ग संपतो, पण कोणी लगेच बाहेर येत नाही. पाण्याच्या दाबाने वर सरकलेले रक्त बाहेर पडताच पायांकडे उतरते आणि क्षणभर चक्कर येऊ शकते, म्हणून प्रशिक्षिका सर्वांना कमरेएवढ्या पाण्यात थोडे चालायला लावतात. मग एकेक जण शिडीकडे येते, आणि पायरीगणिक परतणारे आपले वजन पेलत वर चढते.